वाकड्या पाइपची सरळ नळी

मे महिन्यातला मंगळवार होता. सोलापूरचं ऊन कसं असतं ते सोलापूरकराला सांगायला नको, आणि बाहेरच्याला सांगितलं तर तो खोटं समजतो. त्या दिवशी होटगी रोडवर एका गृहस्थाची चप्पल डांबरात रुतली. ती काढायला तो वाकला, तर दुसरी रुतली. संध्याकाळी रस्ता गार झाल्यावर घरच्यांनी त्याला सोडवून नेलं. ती चप्पल मी स्वतः पाहिली आहे, म्हणून सांगतो.

अशा उन्हात मंगळवार बाजारात महादेवप्पाच्या भंगारासमोर श्रीदेवी उकिडवी बसली होती. मोडके नळ, बिनदांड्याच्या किटल्या, फुटक्या टॉर्च... सगळं उपसून तिनं पत्र्याच्या डब्यात हात घातला आणि बोटांना काहीतरी गुळगुळीत लागलं. काळ्या कडक रबराची, बोटभर लांब, टोकाला जुन्या दातांच्या खुणा असलेली, तंबाखू ओढायच्या पाइपची नळी. तिनं ती उजेडात तिरकी धरली. बाजूला पांढरा, तिळाएवढा हंस कोरलेला होता.

आणि त्याच क्षणी नळीचं दुसरं टोक कुणीतरी धरलं.

“सोडा,” श्रीदेवी वर न बघता म्हणाली.

“तुम्ही सोडा की. ती माझी आहे.”

“असं? नाव घातलंय तिच्यावर?”

“नाव नाही... पण तिचा पाइप माझ्याकडे आहे. इथूनच घेतलाय.”

आता तिनं वर बघितलं. तिशीचा उंच तरुण, घामानं कपाळाला चिकटलेले केस, आणि डोळे असे बारीक केलेले, जणू समोरची बाई त्याला ढगातून दिसत होती. त्यानं खांद्यावरच्या पिशवीतून रुमाल काढला, रुमालातून दुसरा रुमाल, आणि त्यातून पाइपची लाकडी वाटी. देवघरातल्या समईला लाजवील अशी ती चकाकत होती.

श्रीदेवीनं नळी सोडली नाही, पण तोंडावर हात ठेवला.

“हे काय केलंय?”

“पॉलिश,” तो मान ताठ करून म्हणाला. “तीन हात वॉर्निश. घरच्या दारांना आणलेलं उरलं होतं.”

“दारांना.”

“सागवानी आहेत दारं.”

“अहो, हा पाइप आहे, पलंगाचा खूर नाही. आत निखारा असतो. लाकडाला श्वास लागतो. एका झुडपाच्या मुळीपासून इंग्लंडातल्या कारागिरानं ही वाटी कोरली. तिनं ऐंशी-नव्वद वर्षं आग सोसली, साहेब सोसला, सोलापूर सोसलं... आणि शेवटी मेली कशानं? तर तुमच्या दारांच्या उरलेल्या वॉर्निशनं.”

ती महादेवप्पाकडे वळली. म्हातारा गोणपाटाच्या सावलीत पाय पसरून बसला होता.

“आणि तुम्ही, अज्जा? वाटी एकाला, नळी एकाला? उद्या चष्म्याची एक काच मला विकाल आणि एक यांना.”

“आगं अक्का, ऐक तर. ही नळी म्या—”

तेवढ्यात तरुणानं शेजारच्या गाड्यावरून उसाच्या रसाचा ग्लास उचलला आणि घाईघाईनं म्हाताऱ्याच्या हातात कोंबला. “घ्या अज्जा, लई ऊन हाय. आधी प्या.”

म्हाताऱ्यानं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा ग्लासाकडे, आणि रस प्यायला.

आता ही श्रीदेवी कोण, ते सांगायला हवं. नवी पेठेत चनबसप्पांचं चष्म्याचं दुकान आहे, त्यांची ही एकुलती एक मुलगी. वय अठ्ठावीस. चष्म्याच्या फ्रेमा घासून चकचकीत करायचं चाक दुकानात होतंच. त्याच चाकावर तिनं कॉलेजात असताना भंगारातला एक इंग्लिश पाइप साफ केला आणि ती त्यात गुंतली. वाटीतली काजळी खरवडायची, स्पिरिटच्या बोळ्यानं जुना तंबाखू काढायचा, हिरवट पडलेली नळी पुन्हा काळीभोर करायची. दुकानाच्या काचेच्या कपाटात असे एकतीस पाइप मांडले होते. त्यातला एकही तिनं कधी पेटवला नव्हता. त्या घरात तंबाखू जाऊ द्या, सुपारीसुद्धा पाहुण्यांसाठी वेगळ्या डबीत असते.

पण मागच्या दिवाळीत श्रीपूरच्या साखर कारखान्यातलं स्थळ आलं. मुलाच्या मावशीनं कपाटाकडे बोट करून हळूच विचारलं, “मुलगी... ओढते का?” त्याआधीच्या विजापूरच्या स्थळानंही तेच विचारलं होतं. श्रीदेवीनं त्या दिवशी आईला बजावलं, “जो हा प्रश्न विचारेल, त्याच्या घरी मी जायची नाही. आणि पाइप कपाटातून हलायचे नाहीत.” आई नागम्मा तेव्हापासून कपाटाकडे सवतीकडे बघावं तसं बघत असे.

बाजारात उभ्या असलेल्या या तरुणानं तिच्याशी नळीवरून भांडण काढलं होतं, पण तेवढं एक विचारलं नव्हतं. श्रीदेवीच्या ते घरी पोचल्यावर लक्षात आलं. आणि लक्षात आलं म्हणून ती आणखी चिडली.

त्याचं नाव सोमशेखर. होटगीला रेल्वेत सिग्नलच्या दुरुस्तीवर होता, सुट्टी मंगळवारची. लिलावात घेतलेल्या जुन्या कपाटाच्या खणात त्याला एक पाइप सापडला, तिथून त्याला हे वेड लागलं. त्या दिवशी बाजारात भांडण मिटलं ते असं – नळी श्रीदेवीनं विकत घेतली, वाटी त्याचीच राहिली. वॉर्निश श्रीदेवी दुकानात काढून देणार. मग दोन्ही एकमेकांची निघाली, तर पुढचं पुढं बघायचं.

“वाटी ठेवून जा,” ती म्हणाली.

“आणि तुम्ही परत दिली नाही तर? मी समोर बसून राहणार.”

“बसा. स्टूल मोडकं आहे.”

त्यानं पुढच्या मंगळवारी येताना स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि आधी स्टूल दुरुस्त केलं. चनबसप्पा पेपरामागून बघत होते.

पावसाचं म्हणाल तर दुकानातल्या कूलरनं जेवढे थेंब उडवले तेवढाच पाऊस. ते थेंब तिच्या मानेवर पडायचे आणि सोमशेखर दुसरीकडे बघायचा... म्हणजे दुसरीकडे बघतोय असं दाखवायचा. ती कापसाच्या बोळ्यानं वाटी पुसत राहायची. स्पिरिटचा वास, त्याखालून हळूहळू येणारा जुन्या तंबाखूचा, सुक्या मनुकांसारखा वास. तिसऱ्या मंगळवारी वॉर्निशखालून वाटीच्या दांडीवर एक पांढरा हंस वर आला.

“बघा,” ती म्हणाली.

त्यानं वाटी नाकाजवळ नेली, मग लांब धरली, मग आणखी लांब. “कुठं?”

“तुम्हाला चष्मा लागलाय.”

“मला? मी रेल्वेचे सिग्नल बघतो.”

“लांबचं दिसतं. जवळचं दिसत नाही. बसा इथं.”

तिनं डोळे तपासले, पुढच्या आठवड्यात चष्मा दिला. काडी कानाला टोचत होती. तिनं ती विजेवर तापणाऱ्या मिठाच्या भांड्यात धरली, अंगठ्यानं किंचित वाकवली, पुन्हा त्याच्या कानामागे बसवली. तिची बोटं अजून गरम होती. सोमशेखर सिग्नलच्या खांबासारखा ताठ बसला.

“टोचतंय?”

“नाही... म्हणजे हो. पुन्हा एकदा बघा.”

“काडी ठीक आहे. तुम्ही वाकडे आहात.”

“तुमच्या कपाटातले अर्धे वाकडेच आहेत की. त्यांना कशा जपता.”

श्रीदेवी वाटी पुसत राहिली, जिथं पुसायला काही उरलंच नव्हतं तिथं.

“लोक तुम्हाला विचारत असतील ना...” तो थांबला. तिचा हात थांबला. आता हाही विचारणार. “...की हे एवढं बारीक काम कोणी शिकवलं?”

“नाही,” ती म्हणाली. “लोक विचारतात, ओढते का.”

“काहीही. कुलपं दुरुस्त करणारा चोर असतो का?”

त्या संध्याकाळी श्रीदेवीनं जेवताना दोनदा मीठ मागितलं आणि दोन्ही वेळा घेतलं नाही.

आता एकच गोष्ट राहिली होती. वाटी होती वाकड्या पाइपची. तिला बाकदार नळी लागते. ही नळी तर पट्टीसारखी सरळ. हंस दोन्हीवर होता, पण कारखान्यानं हंस हजार पाइपांवर कोरले असतील. श्रीदेवीला कारण ठाऊक होतं. या रबराला कारखान्यात गरम करून बाक देतात. पुन्हा तापलं की बाक विसरून ते सरळ होतं. महादेवप्पाचा पत्र्याचा डबा तीन उन्हाळे सोलापूरच्या उन्हात उघडा होता. त्या उन्हात माणसं सरळ होतात, नळीचं काय.

“पुन्हा वाकवावी लागेल,” ती म्हणाली होती. “अवघड काम आहे. दिवस लागतील.”

“लागू द्या,” तो म्हणाला होता.

दर मंगळवारी सकाळी दोघं आधी बाजारात जात. श्रीदेवी महादेवप्पाला सुनवायची, “पाइप तोडून विकलात, अज्जा. तुम्हाला काय म्हणावं.” म्हातारा तोंड उघडायचा, आणि त्याच्या हातात रसाचा ग्लास यायचा. चार मंगळवारांत म्हातारा इतका रस प्यायला की अक्कलकोट नाक्यापर्यंत मुंग्या त्याच्या मागे चालत असत, असं बाजारातले लोक सांगतात.

पाचव्या मंगळवारी रसवाला गावी गेला होता. सोमशेखरची गाडी उशिरा होती. श्रीदेवी एकटीच आली आणि तिनं सुरुवात केली.

“पुरे आता,” महादेवप्पा म्हणाला. “महिनाभर आयकून घेतलं. म्या काय बी तोडलं न्हाय. वाटी अन् नळी जोडूनच दिली हुती त्या चष्मेवाल्या तम्माला. त्यानं हितंच उभा ऱ्हाऊन नळी उपसली, ‘ही सरळ हाय, दुसऱ्याची हाय, मला नको,’ म्हणला, अन् माझ्या डब्यात टाकली. आठ दिसांनी पळत आला. तवर तू बसलेली.”

“मग इतके दिवस बोलला का नाही?”

“बोलू कुटं दिलं? तोंडात ऊस.”

श्रीदेवी भर उन्हातून नवी पेठेपर्यंत चालत आली. रिक्षावाल्यांनी विचारलंसुद्धा नाही, चेहराच तसा होता.

अकरा वाजता सोमशेखर दुकानात शिरला. नवा शर्ट, केसांना तेल, बुटांना पॉलिश. तिनं नळी काउंटरवर ठेवली.

“ही डब्यात कोणी टाकली होती?”

त्यानं चष्मा काढला. मग पुन्हा घातला.

“मी.”

“आणि महिनाभर त्या म्हाताऱ्याला माझ्या तोंडून शिव्या खायला लावल्या.”

“व्हय.” गडबडला की तो होटगीचं बोलायचा. “मला तो हंस दिसला नाही. घरी मोबाइलवर वाचलं, उन्हानं नळी सरळ होते म्हणून. पळत आलो तर तुमच्या हातात होती. आणि तुम्ही वॉर्निशवरून जे बोललात... त्याच्यावर हे कसं सांगू? तुम्ही मला मूर्ख समजला असतात.”

“ते तर मी तसंही समजत होते. खोटारडा समजत नव्हते.”

सोमशेखरनं पिशवीतून वाटी काढून तिच्यापुढे सरकवली.

“राहू द्या. मी हिच्यावर वॉर्निश मारलं, तिची नळी फेकून दिली. माझी नव्हेच ही. पूर्ण पाइप तुमचा.” तो दाराकडे वळला. “आणि... अज्जाची माफी मागतो. आजच.”

श्रीदेवीला आणखी राग आला. भांडायला आलेला माणूस असा सगळं देऊन निघाला तर भांडायचं कुणाशी? तिनं मिठाचं भांडं चालू केलं. आत चेपू नये म्हणून नळीच्या पोकळीत कापसाची वात सरकवली आणि नळी गरम मिठात खुपसली. गंधकाचा उग्र वास आला. दाराशी सोमशेखर बुटाची नाडी बांधत होता, सुटलेली नसताना. तिनं नळी बाहेर काढली, दोन्ही अंगठ्यांनी दाबून बाक दिला, गार पाण्यात बुडवली, वाटीच्या दांडीत फिरवून बसवली. हंसापुढे हंस आला. नखभरही फट नव्हती.

सोमशेखर दारातून वळून बघत होता.

“झालं?”

“झालं.”

त्यानं मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. आता जवळचंही दिसत होतं. “दहा मिनिटं. तुम्ही तर म्हणाला होता, दिवस लागतील.”

श्रीदेवी पाइप पुसू लागली. कान लाल झाले होते.

“चष्म्याची काडी ती तीन मिनिटांत वाकवते,” पेपरामागून चनबसप्पा म्हणाले. “लहानपणापासून.” आणि त्यांनी पान उलटलं.

“इतके मंगळवार,” सोमशेखर हळूहळू आत येत म्हणाला. “इतके मंगळवार मी त्या स्टुलावर बसून पाठ मोडून घेतली. आणि खोटारडा मी?”

“तुम्हाला मोबाइलवर वाचता येतं ना. दहा मिनिटांचं काम आहे, हे वाचलं नव्हतं?”

तो थांबला... “वाचलं होतं.”

“मग बोलला का नाही?”

“बोललो असतो तर दहा मिनिटांत झालं असतं की.”

तिला हसू आलं, आणि हसू आल्याचाही राग आला. तिनं पाइप कपाटात ठेवला. बत्तिसावा. तो ठेवायला तिनं बाकीचे एकतीस जरा जरा सरकवले आणि कपाटाचं दार उघडंच ठेवलं.

“येत्या रविवारी रजा काढा, आई-वडिलांना घेऊन घरी या,” ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. “पाइप इथंच राहणार. मंगळवार आहे तसाच राहणार. आधी अज्जाची माफी मागायची, माझ्यासमोर. कबूल?”

“कबूल.”

तिनं एकदा त्याच्या तेल लावलेल्या केसांकडे बघितलं, एकदा आरशासारख्या बुटांकडे.

“आणि येताना वॉर्निश लावून येऊ नका.”