सतराव्या रांगेवरची दोरी

सोलर पॅनलच्या सतराव्या रांगेची वीज सकाळी दहाला घटायची आणि दुपारी दोनला पुन्हा पूर्ववत व्हायची. रोजच. बाकीच्या एकोणचाळीस रांगा निमूट काम करायच्या, ही एकटी चार तास मान टाकून बसायची. कंट्रोल रूम म्हणावं असं तिथे काही नव्हतं. पत्र्याची खोली, टेबल, घरघरणारा पंखा, एक कॉम्प्युटर आणि त्याच्यासमोर मामा. वय चौपन्न, पेशाने वायरमन आणि जगाचे मामा. सख्खा भाचा मात्र एकही नाही.

त्या मोकळ्या जागेवर पूर्वी कारखान्याची वसाहत होती. कारखाना बंद पडला, घरं पाडली, आणि पुढची आठ वर्षं तिथे गवताशिवाय काही उगवलं नाही. मग सोलर पॅनल आले. मामांनी त्याच वसाहतीत वीस वर्षं संसार केला होता. वसाहत पाडायच्या आदल्या वर्षी बायको त्या घरातच गेली. त्या दिवशी, घरात माणूस गेलं की धुतात तसा, शेजारणींनी घरातला कपडा न् कपडा धुतला, चादरी, उशांचे अभ्रे, पांघरुणं, सगळं. मागच्या अंगणातली दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत भरली होती. मामांना त्या दिवसातलं एवढंच लख्ख आठवायचं.

पण मामा काही भुताखेतांच्या नादी लागणारे नव्हेत. त्यांनी वायरी तपासल्या, जोड उघडून बघितले, पॅनल धुतले. काही उपयोग झाला नाही. शेवटी एक स्टूल घेऊन ते सकाळीच सतराव्या रांगेसमोर जाऊन बसले. म्हटलं, बघूच काय भानगड आहे.

दहा वाजले आणि पॅनलवर सावली पडली.

मामांनी वर पाहिलं. निरभ्र आकाश. जवळपास झाड नाही, खांब नाही, तार नाही. काचेवर मात्र एक लांब बारीक रेघ, आणि तिच्याखाली काळे चौकोन. चौकोन हलत होते. वाऱ्याचं तर नाव नव्हतं, गवताचं पातंसुद्धा जागचं हलत नव्हतं. मामांनी काचेला हात लावला. उन्हातली काच तव्यासारखी तापलेली, सावलीतली गार. हात उचलला तर तळवा दमट लागला.

मग त्यांना शर्ट दिसला. उलटा टांगलेला, बाह्या खाली लोंबणारा.

सगळ्या वसाहतीत शर्ट असा वाळत घालणारी एकच बाई होती. मामा तिला चिडवायचे, "अगं, माझा शर्ट शीर्षासन करतोय बघ!" त्यावर तिचं ठरलेलं उत्तर, "हसा हसा. खांद्यावर चिमट्यांच्या खुणा घेऊन चारचौघांत जाल तेव्हा कळेल. खालचं टोक पँटीत जातं, ते कोण बघतंय?"

मामा स्टुलावर बसले. भीती वाटायला हवी होती, पण त्यांना आनंद झाला. नऊ वर्षांत झाला नव्हता इतका.

त्या दिवशी नोंदवहीत त्यांनी लिहिलं, 'धूळ साचली होती. पॅनल धुतले.' आयुष्यात कामाच्या वहीत खोटं लिहायची ही पहिलीच वेळ.

मग ते रोज डबा घेऊन तिथेच बसू लागले. घास खाता खाता तिला कायकाय सांगायचे. नळ गळतो, गुडघा दुखतो, वरच्या मजल्यावरचे लोक फार आदळआपट करतात. घरी बोलायला होतं कोण? एका खोलीत बादलीभर कपडे, ते स्वतःच धुवायचे आणि न्हाणीघरात हँगरला लावायचे. घरात चिमटा म्हणून उरला नव्हता.

बुधवारी मामांनी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला. गुरुवारी दोरीवर अर्ध्या बाह्यांचा शर्ट होता. शुक्रवारी कंपनीचं बिनबाह्यांचं जॅकेट होतं. ते तिने कधी पाहिलंच नव्हतं. म्हणजे या जुन्या दिवसांच्या सावल्या नव्हत्या. ती अजून धूत होती, मामांनी आदल्या दिवशी घातलेलं असायचं तेच.

"काय बाई आहेस गं," मामा म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले.

शनिवारी अकरा वाजता कंपनीचे साहेब स्वतः आले. मामांच्या निम्म्या वयाचे, हुशार. रांगेसमोर जाऊन उभे राहिले.

"मामा, ही सावली कशाची?"

"ढगाची असेल साहेब."

"ढग कुठंय?"

साहेबांनी मान पुसली. दोन पावलं मागे सरकले.

"सोमवारी ही रांग काढून टाकू. इथे पाण्याची टाकी बसवू." आणि मागे वळून न बघता ते गाडीकडे गेले.

गाडीचा आवाज विरला तसे मामा काचेजवळ आले.

"ऐकलंस ना? काढतायत. मग मी कुठं यायचं? मला तुझ्याशिवाय करमत नाही गं. तूच सांग काहीतरी."

बाह्या नुसत्या हलत राहिल्या.

रविवारी सुट्टी होती, तरी मामा आले. शेवटची भेट म्हणून नवा शर्ट घातला होता, सकाळीच खोक्यातून काढलेला, टाचण्या काढून. पोचल्यावर त्यांनी डावी बाही वर दुमडली आणि सतराव्या रांगेची काच फडक्याने पुसली.

दहा वाजले.

आज दोरी भरली होती.

या टोकापासून त्या टोकापर्यंत. चादरी. उशांचे अभ्रे. पांघरूण. मामांचे सगळे शर्ट, जॅकेट, पायमोजे. घरातला कपडा न् कपडा.

मामा रांगेच्या कडेने चालत गेले. शेवटच्या पॅनलवर एक शर्ट होता. उलटा. एक बाही सरळ लोंबत होती.

दुसरी वर दुमडलेली होती.

मामांनी स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग हळूच पँटीत खोचलेलं शर्टाचं टोक बाहेर ओढलं.

ते ओलं होतं. त्यावर चिमट्याच्या दोन खुणा होत्या.