जुळलेली अंकमुद्रा

मिरजेच्या मनप्रत तपासणी केंद्रात वृंदा करंबेळकर नवऱ्याला मांडीवर घेऊन बसली होती. नवरा म्हणजे श्रीनिवासची मनप्रत, त्याच्या मनाची बोलती नक्कल. तो वारला त्या वर्षी घरी आणलेली, जेवणाच्या डब्याएवढी, कॅमेरा असलेली पेटी. तेव्हापासून ती एकदाही बंद झाली नव्हती.

हा तो नाही, एवढीच तिची तक्रार होती. त्याच्यात काही बदलू नये म्हणून तिने पहिल्याच दिवशी पेटीला जतन-कुलूप घातलं होतं. तरी तो बदलला. दोन वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक मुलगी ऋता डेंग्यूने गेली आणि त्यानंतर, चहावरून बायकोला छळणारा हा माणूस गप्प गप्प, फार हळुवार झाला. देखभालीला घरी येणाऱ्या दुरुस्तीवाल्यांनी स्वस्तातल्या फाइली घुसवल्या असणार, असं वृंदाच्या मनाने घेतलं.

तज्ज्ञ डॉ. मुजावरांनी तिला समजावलं. प्रत्येक फाइलीतून गणिताने एक अंकमुद्रा निघते. आत एक अक्षर बदललं, तरी मुद्रा पार वेगळी येते. भाषेच्या, आवाजाच्या लायब्ररी फाइली सगळ्या मनप्रतींत त्याच असतात. त्या मुद्रेवरून ओळखून बाजूला काढायच्या. उरेल तो श्रीनिवास. त्याची मुद्रा पहिल्या दिवशीच्या मुद्रेशी ताडायची. त्यासाठी पेटी बंद करावी लागेल.

बटण तिनेच दाबलं.

"ताई, लायब्ररी फाइली अस्सल आहेत," थोड्या वेळाने मुजावर म्हणाले. "उरलेला भागही तंतोतंत जुळतो. हे तुमचे मिस्टरच."

वृंदाचे डोळे आनंदाने भरून आले. मुजावर पडद्याकडेच बघत होते.

"जुळायला नको होता. तुमच्याशी इतकं बोलले, त्यातलं काहीतरी फाइलीत उतरायला हवं होतं. हे जतन-कुलूप... मी आधी विचारायला हवं होतं. कुलपामुळे नवं सगळं फाइलीत न जाता तात्पुरत्या स्मृतीतच राहिलं, ताई. पेटी बंद झाली की ती पुसली जाते."

म्हणजे त्याला कुणी बदललं नव्हतं. तो लेकीसाठी झुरत होता, आणि बायकोने त्याला खोटा ठरवला. ऋतासाठी वृंदाबरोबर रडलेलं जगात एकच माणूस होतं. ते तिने आपल्या हाताने पुसलं होतं.

मुजावरांनी पेटी चालू केली.

"तोंड का उतरलंय? स्वतःचा चहा प्यालीस वाटतं," श्रीनिवास म्हणाला. "आणि ऋता कुठाय? क्लासहून आली नाही अजून?"

वृंदाने पेटीवर हात ठेवला.

"येईल एवढ्यात," ती म्हणाली.

तो हसला. हुबेहूब त्याचंच हसणं होतं ते.