किटलीची बाजू

दिवाळीच्या सुट्टीत तलावाच्या पाळीवर नाणेफेक चालली होती. लाखांदूरजवळच्या या गावात मासेमारीची एकच जागा दोन घरांना हवी असली, की छापाकाटा करायचा, ही जुनी रीत. यंदा नाणं उडवणाऱ्या गावातल्या कैलाशकाकांनी मेव्हण्याने आणलेलं दुबईचं नाणं काढलं. मिरवायची हौस, दुसरं काय!

दुसरी फेक जांभळाखालच्या खोल कोपऱ्यासाठी होती. तो नंदिनीच्या बाबांचा कोपरा. बाबा आषाढात गेले, तेव्हापासून तिला रडू येत नव्हतं की भूक कळत नव्हती. कोपरा गेला तर आईला दुसऱ्यांची मासळी डोक्यावर घेऊन दारोदार फिरावं लागणार होतं. तरी नंदिनी खांबासारखी उभी होती. तिने छापा मागितला.

नाणं पडलं. वर किटलीचं चित्र.

"काटा," काका म्हणाले. कोपरा त्यांच्या पुतण्याला, सूरजला, मिळाला.

नंदिनी जायला निघाली. तिचा चुलतभाऊ भूपेश मात्र आडवा आला. पहिल्या फेकीतही किटलीच वर होती आणि तेव्हा काकांनी छापा म्हटलं होतं! विचारलं तर काका म्हणाले, दोन्हीकडे अरबी लिहिलंय, काय समजायचं!

मैत्रीण खुशबूने नाणं उलटवलं. मागे अक्षरांत एक उभी रेघ होती. हा आकडा तर नसेल? काकांच्या घरी त्याच मेव्हण्याने आणलेला खजुराचा डबा होता, त्यात काकू खिळे ठेवायच्या. तिघं धावत जाऊन तो घेऊन आली. डब्यावर इंग्रजीत एक किलो, शेजारी अरबीत तीच उभी रेघ.

नंदिनीने डबा पुढे धरला. "काका, रेघ म्हणजे एक. आपल्या नाण्यावर आकडा असते तो काटा. मंग किटली छापाच झाली ना?"

काकांनी डब्यावरची रेघ नाण्यावरच्या रेघेशी ताडून पाहिली आणि मान डोलावली. सूरजने स्वतःच आपलं जाळं उचललं.

"मोठे सारे चूप बसले, अन् पोरायनं डोकं लावलं," म्हातारे तुलारामआजोबा म्हणाले. "शाब्बास!"

नंदिनी बाबांचं जाळं घेऊन जांभळाखाली पाण्यात उतरली. काठावर आई उभी होती.

"आई, पाणी गार लागून राहिलं," ती म्हणाली, आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच हुंदके देऊन रडली.