आयोग हो म्हणेपर्यंत

मानवी हक्क पुराव्यावर उभे असतात, असं आयोगाच्या पत्रकात छापलं होतं. तो पुरावा गोळा करायला मुंबईच्या संशोधन संस्थेनं पाठवलेला विनोद मात्र महाडजवळच्या कापडे गावाच्या वरच्या वाडीच्या चढावर, दगडावर बसला होता.

"दम लागला वाटतं," मागून एका मुलीचा आवाज आला. तिच्या डोक्यावर दोन हंडे होते.

"नाही... निरीक्षण करतोय."

"मग जरा बाजूला बसून करा. वाट अडवलीय."

तिचं नाव आवडी. वर्षभर महाडला वसतिगृहावर राहून कॉलेजात शिकायची. २००१ सालच्या त्या मे महिन्यात सुट्टीला घरी येऊन पाणी भरत होती.

पाहणीचा प्रश्न सोपा होता : पाणी पुरेसं मिळतं का? उत्तरांवरून आयोग सरकारला शिफारस करणार आणि त्यावरून वाडीला नळ मिळायचा की नाही ते ठरणार. विनोदनं घरोघर विचारलं. प्रत्येक घरानं आधी गूळ आणि भरलेला तांब्या पुढे केला, मग सांगितलं, "हाय की. भरपूर हाय."

आवडीची आई चिमाबाई तर म्हणाली, "पाय धुऊन घ्या आधी."

"हे सगळे खोटं का बोलतात?" त्यानं आवडीला विचारलं.

"पाव्हन्याला पाणी नाय म्हणायचं? आम्हाला अब्रू हाय का नाय?"

"मग खरं कसं कळणार मला?"

"पाव्हनं राहू नका."

"मग... कोण होऊ?"

ती उगाच खालच्या झऱ्याकडे बघत राहिली. "घरची माणसं पाणी भरतात," म्हणाली, आणि कळशी त्याच्या हातात दिली.

झऱ्यावर बाया करवंटीनं पाणी भरत होत्या आणि तोंडानं खरं बोलत होत्या. विनोदनं सगळं लिहून घेतलं. चढताना त्याची कळशी निम्मी झाली.

"निरीक्षण सांडलं," आवडी म्हणाली.

निघायच्या दिवशी तो झऱ्याच्या वाटेवर थांबला. "आवडी, मला तुला एक..."

"पाहणी करणाऱ्याचं गावात नातं असलं तर काय होतं? तुम्हीच सांगितलंत."

"पुरावा बाद."

"मग बोलू नका."

"कधीपर्यंत?"

"आयोग हो म्हणेपर्यंत."

"आणि तू?"

"मी आयोगाच्या आधी बोलायची नाय."

पावसाळाभर तो महाडच्या एसटीडी बूथवर फोन करायचा. ती आधीच येऊन बाकावर बसलेली असायची. बूथवाला तिला रोज तोच जुना पेपर वाचायला द्यायचा. बोलणं फक्त अहवालाचं.

"आज आयोगाच्या साहेबांनी वाचायला घेतला."

"मग?"

"चष्मा घरी राहिला होता."

"...तुमचं जेवण झालं?"

"हे प्रश्नावलीत नाही."

"मग राहू दे."

तरीही फोन कुणीच ठेवायचं नाही. वसतिगृहावर परतल्यावर आवडी एकच पान परत परत वाचायची. परीक्षा जवळ आली होती, आणि पान कुठल्या विषयाचं होतं, हे तिला सांगता आलं नसतं.

कार्तिकात फोन आला. "शिफारस झाली. वाडीचं नाव आहे."

"मग बोला आता."

"लग्न करशील?"

"सहा महिने धड झोप नाय मला," ती म्हणाली.

"अगं, मग आधी का नाही सांगितलंस?"

"वाडीचा नळ गेला असता ना..."

लग्न वैशाखात, वाडीतच झालं. नळ तोवर बसला होता. पंपाला वीज यायची होती.