खिडकीजवळचं टेबल, एक माणूस

टेबलावर कापड अंथरलं की मी त्याला तिथल्या तिथे इस्त्री करते. घडीची रेघ दिसलेली मला खपत नाही. जुन्या हवेलीतल्या या हॉटेलच्या जेवणघराचा कारभार एकोणीस वर्षं माझ्याकडे आहे, आणि मिसेस प्राउटच्या टेबलावर सुरकुती दाखवणारा अजून जन्माला यायचाय. गेल्या नोव्हेंबरात अशीच खिडकीजवळच्या टेबलावर इस्त्री फिरवत होते, तेवढ्यात आमची वाढपी टॅम्सिन टपाल घेऊन धावत आली.

"मिसेस पी, हे बघा! हाताने लिहिलेलं कार्ड!"

जाड, पिवळट कार्ड. काळी शाई. 'गुरुवार, दुपारी एक. खिडकीजवळचं टेबल, एक माणूस. मिस ॲव्हरिल.' ना फोन, ना पत्ता.

त्या दिवशी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातून कापड करपलं.

आमच्या धंद्यात असं कार्ड म्हणजे काय, ते सांगते. हॉटेलांना तारे वाटणारं एक जाडजूड पुस्तक दर वर्षी निघतं. त्याचे परीक्षक चोरपावलांनी येतात. खोटं नाव, बहुतेक वेळा एकटेच. मुद्दाम रुमाल खाली पाडतात आणि तो उचलायला आपण किती वेळ लावतो ते बघतात. आम्हाला तारा हवाच होता. मालकांनी बजावलं होतं की या हिवाळ्यात तारा आला नाही, तर खानदानी जेवण बंद आणि लग्नाचे हॉल सुरू.

"लग्नं!" गेथिन ओरडला होता. "म्हणजे मी आयुष्यभर तीनशे माणसांची कोंबडी शिजवू?"

गेथिन आमचा शेफ. वेल्समधल्या एका खाणीच्या गावातून इथे भांडी घासायला आला आणि इथेच शिकला. मला मूलबाळ नाही. त्याच्यावर माझा जीव आहे, पण हे त्याला सांगत नाही, डोक्यावर मिरे वाटेल. त्याच्या पहिल्या सुऱ्या मी दिल्या, कातडी गुंडाळीत घालून. शेफ नोकरी सोडतो तेव्हा फक्त स्वतःच्या सुऱ्या उचलतो. म्हणून कुणाची गुंडाळी बांधलेली दिसली, की न विचारता समजायचं, गडी चालला.

कार्ड वाचून गेथिनने मला उचलून गरकन फिरवलं. "आली! परीक्षक आली!"

"खाली ठेव मेल्या, कंबर मोडशील."

पण खरं सांगते, मीही लहान पोरीसारखी हसत होते.

गुरुवारी धुकं असं उतरलं की बागेपलीकडचं तळं दिसेना. दुपारी दिवे लावावे लागले. दोनच टेबलं भरली होती. तीन नंबरवर एक जाडसर गृहस्थ आणि त्यांची बायको. त्यांच्या बुटांवरून मला ते मेंढ्यांची औषधं विकणारे वाटले. एकच्या ठोक्याला मी वळले, तर खिडकीपाशी ती उभी. दार वाजल्याचं मला आठवत नाही. राखी कोट, राखी हातमोजे, बारीक चण. जवळ गेले तसा वास आला, विझलेल्या चुलीचा. मी खुर्ची ओढली, ती बसली.

"या घरात फार दिवसांनी जेवते आहे," ती हळू म्हणाली.

हातमोजे तिने काढलेच नाहीत.

मग काय, आम्ही तिच्या जेवणात जीव ओतला. धुरावलेला ईल मासा, चुलीत भाजलेलं बीट, रानकोंबडी, शेवटी नासपतीचा गोड पदार्थ. प्रत्येक ताट ठेवताना मी त्यात काय आहे ते अदबीने सांगत होते. टॅम्सिनने वाइन ओतली, थेंबही सांडला नाही. आणि ताटं परत येत होती ती चाटूनपुसून स्वच्छ!

"खाल्लं?" आतून गेथिनचा जीव टांगणीला.

"सगळं खाल्लं!"

स्वयंपाकघरात नुसता जल्लोष. कुणी कढई वाजवली. फक्त टॅम्सिन ताट हातात धरून थबकली होती.

"मिसेस पी... काटे-चमचे बघा ना. मी मांडले तसेच आहेत. कोरडे."

"अगं, परीक्षकांच्या नाना तऱ्हा," गेथिन म्हणाला. "माझी रानकोंबडी बोटांनी खाल्ली असेल. मीही तशीच खातो!"

सगळे हसले. मीही हसले. आनंदाच्या भरात माणूस दिसतं ते बघत नाही.

शेवटी मी विचारलं, "सगळं मनासारखं झालं ना, मॅडम?"

तिने धुक्याकडे मान वळवली.

"असा स्वयंपाकी आमच्याकडे कधी नव्हता," ती म्हणाली. शेफ नाही, स्वयंपाकी. "आमच्या काळी बायका एकमेकींचे स्वयंपाकी पळवायच्या. तुमचा मी पळवणार... देता का?"

आता अशा गोडबोल्या पाहुण्यांना उत्तर देण्यात माझा हात कुणी धरणार नाही. मी वाकून म्हटलं, "न्या की, मॅडम! पण आधी तारा मिळू दे."

"ठरलं तर," ती म्हणाली.

मी कॉफी आणायला वळले. परत आले तर खुर्ची रिकामी. बिलाची आठवणसुद्धा कुणाला झाली नाही, इतके आम्ही हवेत होतो.

फेब्रुवारीत तारा मिळाला! गेथिन बर्फात अनवाणी नाचला. मालकांनी शँपेन उघडली. पुस्तकाची प्रत आली तेव्हा सगळे माझ्याभोवती गोळा झाले आणि मी मोठ्याने वाचायला लागले. ईलचं कौतुक, रानकोंबडीचं कौतुक. त्यापुढे लिहिलं होतं, 'आम्ही पत्नीसह तीन नंबरच्या टेबलावर होतो. या घराची एक प्रथा मनाला भिडली. खिडकीजवळचं एक टेबल बहुधा कुणा दिवंगताच्या स्मरणार्थ राखलेलं असावं. त्या रिकाम्या खुर्चीपुढे सगळं जेवण मांडलं जात होतं. कर्मचारी तिच्याशी अदबीने बोलत होते, वाइन ओतत होते, वाकून निरोप घेत होते. असं आतिथ्य आम्ही कुठेच पाहिलं नाही.'

टॅम्सिनच्या हातातला ग्लास फुटला.

"रिकाम्या?" गेथिन म्हणाला. त्या दिवशी तो आतच होता, त्याने तिला पाहिलंच नव्हतं. मग तो खो खो हसला. "काय चावट आहेत हे लोक! काहीतरी छापतात झालं!"

ताटं मात्र रिकामी आली होती. ती मी माझ्या हातांनी उचलली होती.

टॅम्सिन त्याच आठवड्यात नोकरी सोडून गेली. मी राहिले. गेथिनला टाकून कुठे जाणार?

आज सकाळी टपालात कार्ड आलं. तेच जाड, पिवळट. 'ठरल्याप्रमाणे तारा मिळाला. आज दुपारी एक वाजता येते. जेवायचं नाही, फक्त न्यायचं आहे. मिस ॲव्हरिल.'

कार्ड मी एप्रनच्या खिशात कोंबलं आणि थेट स्वयंपाकघर गाठलं.

"गेथिन, आज घरी जा. माझं ऐक."

"आज एवढी बुकिंगं आहेत, आणि शेफ घरी जातो होय?" त्याने माझ्या गालाला पीठ लावलं. "काय झालंय तुम्हाला?"

सगळं सांगितलं. तारा कसा आला, कुणाच्या शब्दावर आला, तेही. तो हसला. पुरुषांना आपल्या कर्तबगारीत दुसऱ्या कुणाचा हात असलेला चालत नाही.

मी खिडकीजवळच्या टेबलावर आज कापड घातलं नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ते उघडं ठेवलं. टेबलच मांडलेलं नाही म्हटल्यावर ती बसेल कुठे, असं आपलं माझं वेडं डोकं.

आत्ता बघायला गेले, तर खुर्ची मागे ओढलेली. खुर्चीवर गेथिनच्या सुऱ्यांची कातडी गुंडाळी. नीट बांधलेली. हातात घेतली तर बर्फासारखी गार, आणि वास विझलेल्या चुलीचा.

आतून गेथिनची हाक येते आहे, हसत हसत.

"मिसेस पी! माझ्या सुऱ्या कुणी पळवल्या?"

एकला दहा मिनिटं आहेत. मी गाठ सोडवते आहे. ही गाठ माझ्या हातची नाही, आणि ती सुटत नाही.