मागचा गोल जिना

टेपचं टोक भिंतीवरून पुन्हा सुटलं आणि सरसर करत संघमित्राच्या पायाशी येऊन पडलं. मोजमापाच्या कामाला माणसं दोन लागतात. एक टोक धरायला, दुसरं आकडा वाचायला. तिचा कामातला जोडीदार त्या सकाळी तापानं फणफणला होता, म्हणून तिनं टोक चिकटपट्टीनं डकवून बघितलं होतं. इमारतीच्या जुन्या, गुळगुळीत भिंतीला ते काही मानवत नव्हतं.

वरून कुणीतरी उतरत होतं. चपलांचा आवाज मध्येच थांबला.

"धरू का?"

तिनं वर पाहिलं. हातात भाजीची पिशवी, अंगात घरातलाच टी-शर्ट. जिन्याच्या उंच खिडकीला पिवळ्या-हिरव्या काचा होत्या आणि डिसेंबरचं ऊन त्यांतून गाळलं जाऊन त्याच्या चेहऱ्यावर पडलं होतं. अर्धा माणूस हिरवा दिसत असताना तो देखणा आहे की नाही, हे ठरवणं अवघड असतं. संघमित्रानं तो निर्णय पुढे ढकलला.

"धरा. पण दहावर धरा."

"दहावर का? शून्याचं काय झालं?"

"टोकाची पट्टी वाकलीये. दहापासून मोजायचं आणि शेवटी दहा वजा करायचे."

"म्हणजे सुरुवात चुकली तरी चालतं?"

"चालतं. किती चुकली ते माहीत असलं की झालं."

तो हसला, पिशवी कठड्याला अडकवली आणि अंगठा दहावर टेकवला. त्याचं नाव शंतनु. दुसऱ्या मजल्यावर आईबरोबर राहत होता आणि घरी बसूनच एका कंपनीचं काम करत होता. त्या दिवशी त्याच्या घरची भाजी दुपारनंतर आली.

दादर पूर्वेच्या या कॉलनीपासून विद्यापीठ हाकेच्या अंतरावर. पूर्वी तिथले प्राध्यापक इथंच भाड्यानं राहायचे आणि चालत शिकवायला जायचे. संघमित्रा त्याच विद्यापीठात वास्तुकला शिकवायची. एकेक जुनी इमारत पाडून तिथं टॉवर उभे राहायला लागले, तेव्हा विभागाला जाग आली आणि उरलेल्या इमारतींचे नकाशे काढून ठेवायचं काम तिच्याकडे आलं. माणूस गेल्यावर फोटोला हार घालण्यापेक्षा आधीच चांगला फोटो काढून ठेवावा, इतकाच त्यातला शहाणपणा.

जोडीदार बरा होऊन परतला, तर शंतनुनंच त्याला शेजारच्या इमारतीच्या कामाला लावून दिलं आणि टेपचं टोक स्वतःकडे ठेवलं. सकाळचं काम आटोपून तो खाली यायचा. ती बोलायची, तो ऐकायचा.

"ती बाल्कनी बघा. कोपऱ्यावर वळलीये. तीस सालच्या सुमाराला बोटीची फॅशन होती, म्हणून घरांनाही बोटीसारखे कठडे."

"मी जन्मभर बोटीवर राहतोय आणि मला कुणी सांगितलं नाही!"

"ग्रिलवरचा सूर्य तरी दिसला होता का?"

"सूर्य आहे तो? मला वाटायचं पंखा आहे."

ती हसू दाबायला लागली की डाव्या गालावर खळी पडायची. हे मोजमाप शंतनुनं घेतलं होतं, पण अजून बोलून दाखवलं नव्हतं.

घरातल्या खोल्या मोजायच्या दिवशी त्याच्या आईनं, दुर्गाताईंनी, तिला दिवाणखान्यात बसवलं. निवृत्त बँक अधिकारी, बोलायला गोड, साडीला इस्त्री.

"नाव काय म्हणालीस?"

"संघमित्रा."

"वा, छान आहे नाव," दुर्गाताई म्हणाल्या आणि त्यांनी आडनाव विचारलं नाही. मुंबईत काही नावांनंतर आडनाव विचारायची गरज उरत नाही. चहा मात्र चांगल्या कपातून आला, बरोबर चकली आली, आणि ती चकली खरोखरच खुसखुशीत होती. उगाच कुणाच्या चकलीला नाव ठेवू नये.

दोन दिवसांनी ती फणकारतच परत आली. दिवाणखान्याच्या भिंती कागदावर जुळेनात.

"तुम्ही शून्यावर धरलं होतं. मी इकडे दहा वजा करत बसले!"

"दहावरच धरलं होतं... बहुतेक."

"बहुतेक?"

"मी टेपकडे बघतच नव्हतो," शंतनु म्हणाला.

मग मात्र आकडे लिहिताना तिचं पेन थोडं अडखळलं. खोली पुन्हा मोजायला पाच मिनिटं पुरली असती. त्यांना संध्याकाळ झाली.

पुढचं अगदी शिरस्त्याप्रमाणे झालं. माटुंग्याला फिल्टर कॉफी. "तुम्ही"चं "तू". बागेतल्या बाकावर भेळ, आणि शेवटची पुरी कुणी घ्यायची यावरून खोटं भांडण. तो लहानसहान गोष्टी लक्षात ठेवायचा. तिला कॉफीत साखर कमी लागते, रस्ता ओलांडताना ती दोन्हीकडे बघून पुन्हा एकदा पहिल्या बाजूला बघते... संघमित्रा प्रेमात पडली. तिला ते कळलंही. आपण नेमक्या कुठल्या पायरीवर उभे आहोत हे तिला एरवीही कळायचंच, तो तिचा धंदा होता. फक्त या वेळी खाली उतरायचं मन होत नव्हतं.

शेवटी इमारतीची मागची बाजू तेवढी राहिली. तिथं एक अरुंद बोळ होता आणि भिंतीला चिकटून गंजका गोल लोखंडी जिना. तळापासून निघून तो वेटोळी घेत थेट गच्चीपर्यंत गेला होता.

"माझा सगळ्यात लाडका भाग!" शंतनु म्हणाला. "लहानपणी अभ्यास टाकून इथूनच पळायचो. आईला पत्ताच नसायचा." मग आवाज उतरवून, "ऐक ना. उद्या संध्याकाळी आईकडे भिशी आहे, पुढे सगळ्या बायका असतील. तू इकडून ये, थेट गच्चीवर. मी वाट बघतो. सूर्य मावळताना विद्यापीठाच्या झाडांवर पोपटांचे थवे येतात. मला तिथं तुला काहीतरी सांगायचंय... कुणाला कळणार नाही."

त्याचे डोळे चमकत होते. काय सांगायचंय ते तिला ठाऊक होतं आणि ते ऐकायची तिला घाईही होती. तिचा एक पाय पहिल्या पायरीवर होता. तो तिनं काढून घेतला.

"शंतनु, हा जिना कशासाठी बांधलाय?"

"फायर एस्केप. सगळ्यांना माहितीये."

"प्रत्येक मजल्यावर तो कुठल्या दाराशी जातो?"

त्यानं वर बघितलं. "आमच्याकडे... संडास-न्हाणीघराशी. वॉशिंग मशीनच्या मागे दार आहे. बंदच असतं."

"आग लागली तर माणूस आधी संडासात जाईल आणि मग पळेल?"

शंतनु हसायला गेला आणि थांबला.

"संडास साफ करायला येणाऱ्या माणसांचा जिना आहे हा," ती म्हणाली. वर्गात बोलते त्याच आवाजात, कुठंही न चढता. "त्यांनी घरातून जायचं नाही, पुढचा जिना वापरायचा नाही, म्हणून. याला तेव्हा एक नाव होतं, ते मी घेत नाही. माझी पणजी, जाईबाई, याच कॉलनीत कामाला यायची. ही इमारत की शेजारची, माहीत नाही. घरं आतून कशी होती असं विचारलं, तर तिला फक्त संडास-न्हाण्या सांगता यायच्या. दिवाणखाना तिनं बघितलाच नव्हता."

बोळात एक कावळा उगाच ओरडत होता.

"मला... खरंच माहीत नव्हतं गं."

"ठाऊक आहे. माहीत नसलेलं शिकता येतं, मी शिकवतेच की. मला दुसरं विचारायचंय. कुणाला कळणार नाही, असं का म्हणालास?"

"आईला हळूहळू सांगणार होतो. तिचं काही तसं नाहीये, पण... जरा वेळ बघून."

"मी कामाला येते तेव्हा पुढच्या जिन्यानं येते, सगळे बघतात, तुझी आई चकली देते. आणि तुझ्यासाठी यायचं तर मागून?"

शंतनु चपलेनं बोळातली माती उकरत राहिला. ताकाला जाऊन भांडं लपवताना सापडलेला माणूस दुसरं काय करणार? त्याचा चेहरा पडला होता. तरीही तिनं टेप गुंडाळला, पिशवीत टाकला आणि ती बोळातून बाहेर पडली.

त्यानंतर जोडीदाराला घेऊन तिनं तो जिना मोजला. नकाशात एकेक पायरी नीट काढली आणि बाजूला स्वच्छ अक्षरात लिहिलं: सफाई कामगारांचा जिना. शंतनुचे मेसेज येत होते, सुरुवातीला लांबलचक, मग तोकडे, मग नुसतं "सॉरी". तिनं उत्तर दिलं नाही. याचा अर्थ तिला तो नकोसा झाला होता असा नाही. हवा होता, फार हवा होता. विद्यापीठात शिकवताना मध्येच तिला पोपट ऐकू यायचे आणि फळ्यावरची रेघ वाकडी जायची. पण लपून मिळणारा माणूस तिला नको होता. असला माणूस सणावाराला हमखास गायब असतो. मग एके दिवशी मेसेजही थांबले, आणि संपलं बहुतेक, असं तिनं स्वतःला सांगून टाकलं.

संघमित्रा नायगावच्या चाळीत वाढली आणि अजून तिथंच राहत होती. चाळ पाडणार, पाडणार, असं तिच्या शाळेपासून चाललं होतं. या चाळीलाही तिनं विद्यार्थ्यांसाठी कागदावर आणलं होतं. मधोमध एकच जिना, दोन्ही अंगांना लांबच लांब कॉरिडॉर आणि दोहोंकडे खोल्या. मागून येणं नाही, मागून जाणं नाही. दारं दिवसभर उघडी. पाहुणा कुणाकडे आलाय, हे घरच्यांच्या आधी सगळ्या मजल्याला कळतं.

रविवारी सकाळी ती केसांना तेल चोपडून, जुना गाऊन घालून बसली होती. तिचे पप्पा, प्रफुल्ल, दाराशी बसून बोंबील साफ करत होते. जिन्याच्या तोंडाशी राजारामकाका नेहमीप्रमाणे खुर्ची टाकून बसले होते. गिरणी बंद पडल्यापासून तीच त्यांची ड्यूटी. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून त्यांच्याशी बोलणारा प्रत्येक माणूस ओरडून बोलायचा.

"कुणाकडे रे?"

"संघमित्राकडे."

"कुणाकडे?"

"संघमित्राकडे!"

आवाज ओळखून संघमित्राच्या हातातला कंगवा तिथंच थांबला.

"ती विद्यापीठवाली? काय काम?"

कॉरिडॉरभर कान टवकारले गेले. कुठंतरी शिट्टी द्यायच्या बेतातला कुकरही जणू थांबला.

"लग्नाचं विचारायचंय!" शंतनु ओरडला.

पटापट दारांतून डोकी बाहेर आली. तो जिन्यापासून शेवटच्या खोलीपर्यंत चालत आला. वाटेत एका आजींनी त्याला थांबवून पगार विचारला, दुसऱ्या बाईंनी उंची चांगली आहे म्हणून सांगितलं, आणि कुणीतरी "शेवटची खोली, डावीकडे" असा निष्कारण पत्ता दिला. त्याचे कान लाललाल झाले होते, पण पाय थांबले नाहीत. पप्पांनी त्याच्याकडे पाहिलं, मग बोंबलाकडे, मग मुलीकडे, आणि पाट उचलून वाट करून दिली.

संघमित्रा दारात उभी होती. तेलकट केस, गाऊनच्या खांद्यावर टॉवेल.

"हे असं ओरडायला कुणी सांगितलं तुला?"

"त्यांनी विचारलं. त्यांना ऐकू येत नाही."

"घरी सांगितलंस?"

"गुरुवारी. आई बोलत नाहीये माझ्याशी. डबा करून ठेवते, पण बोलत नाही." त्यानं श्वास घेतला. "बोलेल की नाही ते मला खरंच माहीत नाही. खोटं कशाला सांगू? पण तिला कळलंय. आमच्या खालच्या मजल्यावरच्या वसंतकाकांनाही सांगितलंय, म्हणजे आता कॉलनीत कळायचं कुणी राहिलं नाही."

"आणि ती कधीच बोलली नाही तर?"

"तर मला त्रास होईल. खूप होईल. तरी मी पुढच्या जिन्यानंच येईन... तुझ्याकडे आणि तुला घेऊन तिच्याकडेही."

संघमित्राचे डोळे भरून आले. तिनं टॉवेलनं तेलाचा ओघळ पुसला, म्हणजे निदान तसं दाखवलं.

"सगळ्या चाळीला सांगितलंस," ती म्हणाली. "मला कुठं विचारलंस?"

शंतनु गांगरला. इतका वेळ पाठ केलेलं एकही वाक्य त्याला आठवेना.

"लग्न करशील माझ्याशी?"

"ऐकू नाही आलं," ती म्हणाली, आणि डाव्या गालावरची ती खळी आता लपेना.

"लग्न करशील का माझ्याशी?"

"हो."

"काय म्हणाली?" तिकडून राजारामकाकांनी विचारलं.

तिनं दाराबाहेर मान काढली आणि सगळ्या कॉरिडॉरला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "हो म्हणाले, काका!"

"काय म्हणाली?" काकांनी पुन्हा विचारलं, तेव्हा शेजारच्या दारानं पुढच्या दाराला सांगितलं, पुढच्यानं त्याच्या पुढच्याला, आणि तिचा होकार दारादारांतून जिन्यापर्यंत गेला.