बुचावरची हिरवी कांडी

उद्या संध्याकाळी धक्क्यावर गळ टाकायला जाताय ना? मग ऐका. आणि तू, तो मोबाईल ठेव आधी.

कोपऱ्यावरच्या शिंप्याला तुम्ही ओळखता. त्याच्याच तोंडून ऐकलंय मी हे, एकदाच. हात इतका हलका की केसाएवढ्या तंगुसावर, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोऱ्यावर, बोटभर मासे अलगद काढायचा. जाड दोरी लावणाऱ्यांना हमाल म्हणायचा. माज, दुसरं काय! पाण्यावर तरंगणाऱ्या बुचावर हिरवी कांडी टोचायची. ती मोडली की उजळते, पहाटेपर्यंत विझते. आणि नियम एकच. बूच बुडालं की लगेच हिसका द्यायचा नाही, तीन मोजायचे. तोवर तोंडातून अवाक्षर नाही, मासा बिचकतो.

दोन वर्षांपूर्वी, सतरा नोव्हेंबरला, त्याची बायको म्हणाली, "जेवायला चार मासे आणा." तिचा धाकटा भाऊ राहायला आला होता. ट्रक चालवायचा, तोंडाची टकळी अखंड चालू. तोही निघाला, स्वतःची काठी घेऊन.

"त्याला पोहता येत नाही हो. लक्ष ठेवा."

"कुक्कुलं बाळ आहे का तो?"

रात्री पावणेनऊ. भरती. शिंप्याचं बूच बुडालं.

एक...

मागे पायरीवर पाय घसरल्याचा आवाज. मग पाण्याचा.

दोन...

"दाजी! हात द्या!"

"थांब रे."

तीन.

मासा आला. त्याने तो सोडवला, बादलीत टाकला. मग वळला.

"मला वाटलं, गंमत करतोय," असं तो मला म्हणाला. सुईत दोरा ओवला. मग म्हणाला, "नाही वाटलं."

सकाळी प्रेत मिळालं. मेहुण्याची काठी पायरीवर होती, तंगूस तुटलेला, बूच गेलेलं. बायकोला त्याने सांगितलं, लाटांचा आवाज होता, काही ऐकू आलं नाही.

महिन्याने हा पुन्हा तिथेच. लाज असती तर गेला नसता. पावणेनऊ. बूच बुडालं.

एक... दोन... तीन...

हिसका द्यायला हात उचलला, तर खालून, पाण्यातून...

"थांबा, दाजी."

...

"चार."

...

"पाच."

हातातून काठी सुटेना. तो केसाएवढा तंगूस तुटेना. बोटं कापली. खालचा आवाज मोजतच राहिला, सावकाश. एकशे सव्वीसला थांबला. तेवढा वेळ होता त्याच्याकडे, कळलं? तेवढा वेळ मेहुणा त्या रात्री पाण्यात जिवंत होता.

मग तंगूस सैल पडला. वर आलं मेहुण्याचं बूच. कांडी पेटलेली.

घरी बादलीत ते पाहून बायको ढसाढसा रडली. "माझ्या भावाची आठवण!" पेलाभर पाण्यात घालून तिने ते जेवणाच्या टेबलावर ठेवलं, नेमकं नवऱ्याच्या ताटासमोर.

मागच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे जेवलो. कांडी अजून जळतेय. शिंपी निम्मा झालाय. घास हातात धरून तो पेल्याकडे बघत होता. वहिनी आमच्याकडे पाठ करून ओट्याशी भात काढत होत्या.

पावणेनऊला बूच बुडालं. आपोआप.

वहिनींनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. शांतपणे म्हणाल्या,

"एक."

त्यांना हे कोणी सांगितलं? मी नाही सांगितलं.